लूम थांबले तेव्हाची रेघ

कापराचा वास आला की मला आरती नाही, शाई आठवते. भिवंडीत चित्रकलेच्या एक निवृत्त बाई घरीच जपानी ब्रशलेखन शिकवायच्या. दगडावर पाण्यात शाईची कांडी घासली की कापरासारखा वास खोलीभर पसरायचा. पहिला धडा म्हणजे नुसती एक आडवी रेघ. खाली पॉवरलूमचा कारखाना, त्यामुळे टेबल हादरायचं आणि माझी रेघ थरथरायची. आठवडाभर कागद नासवून मी वैतागले, "बाई, या धडधडीत कुणाचा हात स्थिर राहणार?" त्या म्हणाल्या, "बरं, लाईट जाऊ दे, मग काढ." त्याच दुपारी लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत मी श्वास रोखून रेघ ओढली, तरी ती थरथरलीच. लाईट येऊन धडधड पुन्हा सुरू झाल्यावर बाईंनी ब्रश उचलला आणि त्या हादरत्या टेबलावर एक रेघ ओढली. ओली, काळीभोर, कुठेही न अडखळलेली. तो कागद मी मागून घेतला. आता मी राहते तिथे लूम नाहीत. माझी रेघ अजून थरथरते, फक्त दोष द्यायला खाली कुणी नाही.