उकंडराव आणि माळावरचं गिधाड

धनजच्या उकंडरावांना आयुष्यात कधी गोंधळ म्हणून ठाऊक नव्हता. मुलगी बघायला गेले तेव्हा चहा संपायच्या आत 'पसंत' म्हणून मोकळे झाले, तीच लिलाबाई. पण पंचाहत्तरीत एका गिधाडानं त्यांची झोप उडवली.

काय थाट होता पूर्वी गिधाडांचा! माळावर ढोर पडलं की आभाळातून तीस-चाळीस जण घिरट्या घालत उतरायचे, मानकऱ्यांसारखे पंगतीला बसायचे. पुढं गुरांना दुखणं थांबवायची सुई टोचू लागले, तशी ढोरं खाऊन गिधाडं मेली. माळ रिकाम्या रंगमंचासारखा पडून राहिला. यंदा मात्र पिंजऱ्यात वाढवून रानात सोडलेलं एक गिधाड भरकटत आलं आणि पंखावरची नंबराची पट्टी मिरवत उकंडरावांच्या बाभळीवर बसलं.

वनरक्षक निता म्हणाली, "बाबाजी, उपाशी आहे ते. सुई न टोचलेलं मेलेलं ढोर मिळालं तर माळावर टाका, नाही तर जगणार नाही."

दुसऱ्याच दिवशी शेजारचा दौलतसिंग आला. "उकंडराव, माहा म्हातारा बैल मेला. सुईबिई काही नाही. तुह्या पाखराले पायजे ना? मी ट्रॅक्टर काढतो, तू पायाले दोर बांध."

हरखलेले उकंडराव दोराचं नाव निघताच थबकले; 'तू चाल पुढं' म्हणून दौलतला धाडलं आणि ओट्यावर टेकले. छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा ते बापाच्या खांद्यावर होते. घरी येताच बापानं गावची ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला. 'आता आपल्या घरचं कोनी मेलेलं ढोर ओढनार नाही.' गाव चिडलं, बाप हलला नाही. आणि आज पुन्हा तसाच दोर हातात घ्यायचा? दौलत मित्र म्हणून बोलला, की गावाच्या जुन्या सवयीनं?

"काहून बसून राह्यले?" लिलाबाईंनी विचारलं.

"बापानं मना केलं होतं."

"पाखराले काय मालूम, तुमच्या बापानं काय मना केलं?"

"इचार करून राह्यलो."

"करा. तवर ते मरते."

उकंडराव उठले, दौलतसिंगाच्या गोठ्यावर गेले. "दौलत, बैल कोनाचा?"

"माहा."

"मंग दोर तूच बांध. मी वाटेतले गोटे बाजूले करतो."

दौलतसिंग जन्मात पहिल्यांदा मेलेल्या ढोरापाशी वाकला. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. धापा टाकत तो म्हणाला, "अरे बाप्पा, पाय तरी उचलून धर. एकट्यानं नाही होत."

आवाजात हुकूम नव्हता. उकंडरावांनी पाय धरला.

सकाळी माळावर ओढून नेलेल्या बैलावर गिधाड उतरलं. दोघं बांधावर बसून पाहत होते.

"पुढच्या खेपेले कोन बांधन?" दौलतसिंगानं विचारलं.

"ज्याचं ढोर, तो."

"अन् पाय कोन धरन?"

उकंडरावांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. बापानं तेव्हा ढोर ओढणं नाकारलं होतं, की गावाचा हुकूम? सांगायला बाप नव्हता.

"इचार करून राह्यलो," ते म्हणाले. गिधाड मान वर न करता खात होतं.