इजाजत सर आणि माझी मिरची

ज्या माणसाच्या नजरेला अर्धं लातूर भ्यायचं, तो माणूस खुर्चीवर टेकण्याआधीही विचारायचा, "इजाजत?" पंखा लावायचा तरी इजाजत, खिडकी उघडायची तरी इजाजत. चहाच्या गाड्यावर दुसरा कप हवा असला तरी इजाजत. गाडेवाला बिचारा तोंड फिरवून चहा द्यायचा. सर संमोहनवाले होते ना! त्यांच्या डोळ्यांत बघितलं की माणूस स्वतःचं घर सोडून त्यांच्यामागं चालू लागतो, अशी बोलवा होती. लोक भिऊ नयेत म्हणून सर काळा गॉगल लावायचे. त्यामुळं लोक जास्तच भ्यायचे.

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासेस उगवले होते. मी उमरीहून बारावी दुसऱ्यांदा द्यायला आलो होतो. पहिल्या खेपेला ग्रुपचे मार्क असे पडले होते, की मेडिकल कॉलेजच्या कँटीनमध्येही प्रवेश मिळाला नसता. वडील कंपाउंडर. डॉक्टरांच्या मागच्या स्टुलावर त्यांची उमर गेली होती आणि पोरगा पुढच्या खुर्चीवर बसणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. अडचण एकच होती. रक्त बघितलं की मला भोवळ यायची. हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त प्रॅक्टिकलच्या बेडकाला ठाऊक होतं.

क्लासच्या संचालकांनी रविवारच्या 'एकाग्रता वर्गा'साठी सरांना नेमलं. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "भिऊ नका. मर्जीविरुद्ध कुणालाच झोपवता येत न्हाई. देगलूरला आमच्या घरी झोपेचाच धंदा हाय. आजोबांनी, वडलांनी गाद्या भरल्या, मी डोळे मिटवतो. पण गादी कितीबी मऊ करा, ज्याला पडायचं न्हाई तो उभाच राहतो."

मग त्यांनी भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमधली एक मावशी सांगितली. छताखाली ती डोळाच मिटायची नाही. सर रोज दुपारी जाऊन इजाजत मागायचे, ती रोज नाही म्हणायची, सर चहा पिऊन परत. असे चार महिने.

"मग?" पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं.

"मग एक दिवस तीच म्हणाली, 'बस जरा इथं, मी पडते.' मी काहीच केलं न्हाई. नुसता बसलो."

वर्गाचा विश्वास बसला. मला मात्र दाट संशय आला. इतक्यांदा इजाजत मागणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असणारच. कडी वाजवून येणारा चोर जास्त हुशार! हा आपल्याला झोपवणार, बेडकाची गोष्ट काढून घेणार आणि संचालकांना सांगणार.

मी बंदोबस्त केला. बुटात खडा घातला. मनात एकोणतीसचा पाढा धरला, जो मला जागेपणीही येत नव्हता. आणि दाढेखाली मेसमधली हिरवी मिरची. सर म्हणाले, "डोळे मिटा, श्वास सोडा." सगळ्यांनी सोडला. मी दात आवळले. पुढं जे झालं ते मराठवाड्यातल्या मिरचीला शोभेलसंच झालं. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, कानातून वाफ. शंभर पोरं ध्यानात आणि मी मध्यभागी हुंदके देतोय.

सर जवळ आले. "इजाजत?" म्हणाले आणि मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेले. तांब्याभर पाणी दिलं. गॉगल काढला. डोळे साधेच होते, जरा पाणावलेले, मोतीबिंदूकडं झुकलेले. एकही प्रश्न विचारला नाही. आणि मी भडाभडा बोलून मोकळा झालो: रक्त, भोवळ, बेडूक, मला डॉक्टर व्हायचं नाही, मला मराठीचा मास्तर व्हायचंय.

बोलून झाल्यावर दचकलो. "सर, तुम्ही मला झोपवलं काय?"

"मिरची खाऊन कुणी झोपतं व्हय?"

"मग हे वडलांना तुम्हीच सांगा."

"ती माझी बात न्हाई. तुमची हाय."

माझी बात मी माझ्या पद्धतीनं केली, म्हणजे केलीच नाही. परीक्षेचा फॉर्म न भरता मुदत जाऊ दिली. महिन्याभरानं वडील भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन आले आणि क्लासच्या फळ्यावर फॉर्म भरलेल्यांच्या यादीत त्यांना माझं नाव सापडेना.

"फारम का न्हाई भरलास? आरं, काय करून राहिलास तू इथं?"

मी त्यांच्या चपलांकडं बघितलं. एका चपलेला तार बांधली होती. आणि तोंडातून निघालं, "मी शुद्धीत नव्हतो, बाबा. त्या सरांनी माझ्यावर मोहिनी घातली."

पंधरा मिनिटांत आम्ही संचालकांच्या खोलीत होतो. सरांना बोलावलं गेलं. वडील पुढं झाले. "मास्तर, माझ्या पोराच्या मर्जीविरुद्ध तुम्ही हे केलं का न्हाई, तेवढं सांगा."

उत्तर आख्ख्या क्लासला पाठ होतं. सरांनी गॉगल काढला, माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "इजाजत?"

कशाची, ते मला कळलं नाही. मी मान हलवली.

"होय," सर वडलांना म्हणाले. "माझ्या हातून झालं. आणि हे आता उतरायचं न्हाई. पोराला रक्त बघितलं की भोवळ येणार. याला डॉक्टर करू नका. मास्तर होऊ द्या."

वडलांनी त्यांना नको नको ते सुनावलं. संचालकांनी त्याच दिवशी काढून टाकलं आणि लातुरातल्या बाकीच्या क्लासची दारंही आठवड्यात बंद झाली. मर्जीविरुद्ध झोपवणाऱ्या माणसाच्या हाती पोरं कोण देणार? सर निघाले तेव्हा जिन्यावर पोरांनी भिंतीकडं तोंडं केली. मीही केलं.

मी मराठीचा मास्तर झालो. नायगावला नोकरी लागली. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरगं डॉक्टरच व्हायचं, एका मोहिनीवाल्यानं नासवलं." मी चहा आणायला आत जायचो.

म्हातारपणी त्यांची पाठ गेली आणि झोप उडाली. गादी करून घ्यायला म्हणून मी देगलूरला गेलो. म्हणजे तसं मी स्वतःला सांगितलं. दुकानात सर कापसानं पांढरे झाले होते, भुवयांसकट. मला ओळखलं, पण जुनं काही काढलं नाही.

"कुणासाठी?"

"वडलांसाठी."

सुई थांबली. "त्यांची इजाजत?"

"घेतली न्हाई, सर."

ते जरा हसले आणि कापूस भरू लागले. मी माफीचे शब्द नायगावपासून घोकत आणले होते. तेही एकोणतीसच्या पाढ्यासारखे ऐन वेळी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील उन्हं वर आली तरी उठेनात. मी घाबरून हलवलं, तर कुशीवर वळले. "लई दिसांनी झोप लागली रे. कुणी भरली ही गादी?"

मी तोंड उघडलं. बुटात खडा नव्हता, दाढेखाली मिरची नव्हती, समोर कुणाचे डोळे नव्हते.

"देगलूरचा कुणी आहे," मी म्हणालो. "नाव नाही विचारलं."

आणि हे मी पूर्ण शुद्धीत म्हणालो.