पिठातला माग

आमचे लक्ष्मणकाका जैसलमेरला निघाले, तेव्हा अख्ख्या आसगावाला नवल वाटलं. पवनीच्या बाजाराला जायचं तरी ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, तो माणूस वाळवंटात कशाला चाललाय? मी त्यांचा पुतण्या, सोबत म्हणून गेलो. ते कशाला चाललेत हे मला ठाऊक होतं, निदान तेव्हा तसं वाटत होतं.

काकांचा एकुलता एक सूरज तिकडे सरहद्दीवर जवान होता. मागच्या फाल्गुनात गस्तीची जीप उलटली आणि तो गेला; तिरंग्यात गुंडाळलेला देह तेवढा घरी आला. आमच्याकडे माणूस गेलं की जिथं प्रेत ठेवलेलं असतं तिथं तांदळाचं पीठ पसरतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी पिठात उमटलेला माग पाहून तो जीव कोणत्या जन्माला गेला ते ओळखतात. सूरजच्या वेळी पीठ कोरंच निघालं. त्या दिवसापासून रुखमिणीकाकूनं एकच धरलं, "पोरगा घरी आलाच नाही. तिकडंच भटकून राहिला. आणा त्याले." ती धड जेवेना, धड झोपेना. धान कापून होईपर्यंत काकांनी हूं की चूं केलं नाही. मग एके दिवशी मला म्हणाले, तिकीट काढ.

जैसलमेरचा किल्ला उन्हात पिवळाधमक दिसत होता. पर्यटक उंटावर बसून खिदळत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचं काय चुकलं होतं म्हणा! सूरजचा सोबती विक्की, आपल्याकडच्या वरठीचाच पोरगा, आम्हाला गाडीत घालून पुढे घेऊन गेला. वाटेत अभयारण्य लागलं. "इथं माळढोक राहते काकाजी, आता लय कमी उरले," तो सांगत होता. एक चिंकारा रस्ता ओलांडून पळाला. काकांनी मान वर केली नाही.

जीप उलटली ती जागा म्हणजे नुसती वाळूची टेकाडं. तिथं उभं राहून 'चाल बेटा, घरी चाल' अशी हाक मारायची, एवढंच काकूनं सांगून पाठवलं होतं. काकांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर खाली गेली. वाळूवरून एक वळणावळणाची रेघ गेली होती.

"साप गेला असन," विक्की म्हणाला. "इथं लय आहेत."

धानाच्या बांधावरचा माग पाहून रात्री डुक्कर आलं की चितळ, हे बिनचूक सांगणारा माणूस त्या रेघेशी उकिडवा बसला.

"अशीच होती," काका म्हणाले. "पिठात अशीच रेघ होती. तुमी सारे उठाच्या आधी मी टोपलं उचलून पाहिलो. पोरगा सापाच्या जन्माले गेला, हे तिले कोणत्या तोंडानं सांगू? हातानं पीठ सारखं करून टाकलो."

सापाचा जन्म म्हणजे जीव अतृप्त राहिला, असं आमच्याकडे मानतात. काकांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हाक त्यांनी मारलीच नाही. कोणाला मारणार? पोरगा तर केव्हाच घरी येऊन गेला होता.

परतताना गाडीत मी म्हटलं, "काकाजी, आणलो म्हणून सांगून द्या. काकूच्या जिवाले बरं वाटन." आम्हा चार बुकं शिकलेल्यांना खोटं चटकन सुचतं.

काकू दारातच उभी होती. काकांनी पायसुद्धा धुतले नाहीत, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. पण ती आत गेली, ज्या जागी टोपलं पालथं घातलं होतं तिथं बसली आणि सारवलेल्या भुईवरून हात फिरवत राहिली.

"साप झाला तं का झालं?" ती म्हणाली. "माह्याच होता ना? घरी आला होता तो. मले पाहू तरी द्याचं होतं."