आगाऊ संतपण

नवऱ्याचा राग आला की मावशी नवऱ्याला काही बोलत नसे. ती स्टुलावर चढायची, भिंतीवरची संत योसेफाची तसबीर खिळ्यावरून काढायची, आणि तिचं तोंड भिंतीकडं करून पुन्हा टांगायची.

“योसेफबाबांना बघवत न्हाई,” एवढंच म्हणायची आणि भाकरी थापायला बसायची.

घरी आलेल्या माणसाला मग तसबिरीचा मागचा पुठ्ठा आणि कोळ्याचं जाळं दिसायचं. तो साहजिकच विचारायचा, “हे असं का?” मावशी नवऱ्याकडं बोट दाखवायची. काय केलं ते त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागायचं, आणि शिक्षा तीच असायची. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. भांडत नाहीत, पण हरलेलीही कुणी पाहिलेली नसतात.

दुष्काळाचं वर्ष होतं. उमापूरच्या अलीकडच्या एका गावात दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. आजारी जनावरांना औषध पाजायला, इंजेक्शनं द्यायला माझी तिथं नेमणूक झाली. मावशीचा नवरा सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली, आणि सगळ्यांसारखा तिला मावशी म्हणू लागलो. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. महिन्यातून एकदा फादर मोटारसायकलवरून यायचे, तेव्हा मावशीच्याच ओसरीत मिस्सा, म्हणजे सगळ्यांची मिळून प्रार्थना, व्हायची.

ती मला डॉक्टर म्हणायची. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मावशी, मी डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस आहे.”

“आज नसाल,” ती म्हणाली. “पर म्हणत ऱ्हायलं की माणूस तसा वागाया लागतो.”

आणि खरंच, एखादी गाय अडली की जेवणाच्या ताटावरून उठून मी पळायचो. डॉक्टर म्हटल्यावर काय करणार!

संतांविषयी ती बोलायची ती शेजारच्या गल्लीतले सोयरे असावेत तशी. “संत काय आभाळातून पडले व्हय? त्यांना बी घरदार हुतं. त्यांच्या बी घरात कुणीतरी रुसायचं.” घरातल्या प्रत्येकासाठी तिनं एकेक संत नेमून दिला होता. नवऱ्याला योसेफ, येशूला वाढवणारा सुतार, कारण तो कष्टाळू आणि मुख्य म्हणजे कमी बोलणारा. मुलीचं नाव मार्था ठेवलेलं, बायबलातल्या दोन बहिणींपैकी कामसू बहिणीचं. पण पोरगी आईवर गेली होती. भांडी घासायला बोलावलं की म्हणायची, “माझं नाव मरिया कावून न्हाई ठेवलं? ती नुसती बसून ऐकायची. देवानं तिलाच शाबासकी दिली!” मग मावशी भांडी स्वतःच घासायची, जरा जास्त आवाज करून.

घरात सासूही होती. म्हाताऱ्या सासूला बायबलातली रूथ तोंडपाठ. “रूथ कशी सून हुती बघ. सासूसाठी आपला मुलूख सोडला.”

“सोडला की,” मावशी म्हणायची. “पर तिच्या सासूनं कालवणाला नाव ठेवल्याचं कुठं लिवलंय, ते दाखवा आदी.”

म्हातारी बायबल मागवायची, चष्मा लावायची, आणि शोधता शोधता कालवणाचा विषय विसरून जायची. मावशीला तेच हवं असायचं.

एका संध्याकाळी ड्रायव्हर जेवेना. भाकरी ताटात तशीच. मावशीनं दोनदा विचारलं, तेव्हा बोलला.

“चेअरमननी सांगितलंय. उद्यापासून दुपारची खेप छावणीत न्हाई न्यायची. त्यांच्या मोसंबीच्या बागेत सोडायची.”

मी तिथंच बसलो होतो. दुपारची खेप गेली म्हणजे काय, ते मला दिसत होतं. दोन्ही खेपा येत असतानाही जनावरं हौदाचा तळ चाटत होती. सकाळच्या पाण्यावर दिवस निघणार नव्हता.

“न्हाई म्हणलं तर?” मावशीनं विचारलं.

“तर टँकर दुसऱ्याच्या हातात. ध्यान ठेवायला उद्या त्यांचा माणूस बागेच्या फाटकावर उभा असणार हाय.”

मावशी उठली. मला वाटलं, आता योसेफाचं तोंड फिरणार. पण ती तसबिरीसमोर नुसती उभी राहिली. मग म्हणाली, “योसेफबाबाला देवदूत झोपेत सांगायचा, तवा तो उठून कामाला लागायचा. ह्यांना जागेपणीच कळलंय आन् भूक मेलीय. माझ्या घरात तेवढं बी लई झालं.” तिनं नवऱ्याचं ताट पुढं सरकवलं. “जेवा. उद्या टँकर भरून आणा. फाट्यावर गर्दी दिसली की थांबा.”

“कसली गर्दी?”

“जेवा म्हणलं ना.”

सकाळी ती छावणीत आली. जनावरांबरोबर तिथंच राहणाऱ्या बायांमध्ये एका पालातून दुसऱ्या पालात ती सांगत सुटली: चेअरमनसाहेबांची बाग वाळायला लागलीय, तरी ते आपल्या जनावरांना पाणी देतायत; आज फाट्यावर त्यांचा सत्कार करायचा. मग चेअरमनच्या घरी जाऊन निरोप दिला, “छावणीतल्या बायांनी तुमचा सत्कार ठेवलाय, टँकर यायच्या टायमाला या.” सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. अशा वेळी सत्काराला कोण नाही म्हणेल?

दुपारी फाट्यावर जत्राच भरली. बाया आरतीची ताटं घेऊन उभ्या, एकजण हलगी घेऊन आलेला. चेअरमन कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात जीपमधून उतरले. तेवढ्यात टँकर आला. उजवीकडचा रस्ता बागेचा, डावीकडचा छावणीचा. टँकर मधोमध थांबला.

बायांनी ओवाळलं. एका म्हातारीनं चेअरमनच्या पायाला हात लावला. “सायेब, माझी म्हस तुमच्यामुळं जगली.” मग मावशी पुढं झाली. पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “स्वतःची झाडं वाळत्यात आन् साहेब ही खेप मुक्या जनावरांना देत्यात. आमच्यात अशा माणसाला संत म्हणत्यात.”

हलगी कडाडली. चेअरमनच्या हातात नारळ, गळ्यात हार. त्यांनी ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हर स्टेअरिंगकडं पाहत होता. मग त्यांनी मावशीकडं पाहिलं. ती हात जोडून, मान लववून उभी होती, मिस्सेत उभी राहायची तशी.

“बघतोस काय बे?” चेअरमन ड्रायव्हरवर खेकसले. “घे डावीकडं! जनावरं तहानली हायती!”

मी औषधाची पेटी छातीशी धरून मागं उभा होतो. हसू दाबताना माझे डोळे भरून आले.

घरी आल्यावर म्हटलं, “मावशी, खोटं बोललात.”

“खोटं कुठं? त्यांनी दुपारी केलं, मी सकाळी बोलले. एवढाच काय तो फरक.”

तरी पुढच्या वेळी फादर आले तेव्हा तिनं त्यांच्याजवळ पाप कबूल केलं. आणि काय झालं ते बाहेर येऊन आम्हालाही सांगितलं. “फादर आदी लई वेळ खोकले. मग म्हणले, पुन्हा असं करू नको. मी म्हणलं, पाऊस पडल्यावर न्हाई करत.”

पाऊस पडेपर्यंत दुपारची खेप छावणीतच येत राहिली. चेअरमनही येऊ लागले. सुरुवातीला येताना सोबत चारदोन माणसं असायची, लोकांनी पाहावं म्हणून. पुढं एकटेच यायचे. एकदा मला विचारलं, “त्या म्हातारीची म्हस खाती का आता?” हे त्यांनी कुणाला दाखवायला विचारलं नव्हतं. आसपास माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण छावणी उठली आणि काही दिवसांनी ड्रायव्हरला सोसायटीनं कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. कारण कुणी दिलं नाही. चेअरमनच्या कानावर ते होतं की नाही, मला ठाऊक नाही. फाट्यावरची ती दुपार त्यांच्याबरोबरचे काहीजण विसरले नव्हते, एवढं खरं. घर अंबाजोगाईला हललं. ड्रायव्हरला तिथं शाळेची गाडी मिळाली. निघताना मी मावशीला म्हटलं, “तुमच्या सत्कारानं नोकरी गेली.”

ती भांड्यांचं पोतं बांधत होती. तिनं गाठ आवळली. मग म्हणाली, “गेली. पर डॉक्टर, त्या दिवसापासनं हे पोटभर जेवत्यात.”

माझीही बदली झाली. बरीच वर्षं गेली. एकदा कामानिमित्त अंबाजोगाईला गेलो तेव्हा कळलं, मावशी आधल्या महिन्यात तापानं गेली. मी घर विचारत विचारत पोचलो. ड्रायव्हर शाळेच्या गाडीवर गेलेला. मार्था सासरी नांदत होती. घरात एकटी सासू होती, खाटेवर, अगदी वाळून गेलेली. तिनं मला आवाजावरून ओळखलं.

मी खाटेशी टेकलो. म्हटलं, “आजी, तुमची सून संतच होती.”

“संत?” म्हातारी उसळली. “ती? लई आगाव हुती. थोरली मी. आदी माझा नंबर हुता. किती बार म्हणलं तिला, आदी मी जाणार, मग तू सावकाश ये.”

तिनं पदर तोंडाला लावला.

“पर कदी ऐकलं का तिनं माझं?”