कॉलरच्या आतलं नाव

माझ्या वडिलांचा देवावर नव्हता तेवढा विश्वास जाहिरातीवर होता. पेणला आमच्या घरी रोज दोन वर्तमानपत्रं यायची. एक विकतचं, आणि दुसरं शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातलं, तिथं वाचून झाल्यावर. दोन्हींतल्या नोकरीच्या जाहिराती वडील कात्रीने कापायचे आणि खळ लावून एका दोनशेपानी वहीत चिकटवायचे. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, निवृत्त झाला तरी रकाने आखल्याशिवाय त्याला चैन पडेना. पहिला रकाना जाहिरातीच्या तारखेचा, दुसरा अर्ज टाकल्याचा, तिसरा उत्तराचा. तिसरा रकाना दोन वर्षं कोरा होता.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. अलिबागच्या कॉलेजात जायला रोज वडखळच्या नाक्यावर गाडी बदलायची. तीन वर्षं त्या नाक्यावर धूळ खाल्ली ती घरी बसून पापड लाटायला नव्हे, असं मी आईला उठता-बसता ऐकवत असे. आई म्हणायची, "मग लाटू नकोस, पण ओरडू तरी नकोस."

त्यातच ठाण्याचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच पंचाईत. त्यांचं एकच म्हणणं होतं की सुनेने नोकरी करायची नाही. वडिलांनी त्यांच्याकडून तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत मागून घेतली आणि मला समोर बसवून सांगितलं, "तोवर तुला प्रयोगशाळेत जागा मिळाली, तर त्यांना नकार मी स्वतः कळवीन. नाही मिळाली, तर होकारही मीच कळवीन." वडील बोलले की बोलले. मी दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली आणि अष्टमी गावी आत्याकडे जाऊन राहिले.

अष्टमीहून पूल ओलांडला की रोहा, आणि तिथून पुढे धाटाव. धाटावला नव्या नव्या रसायनाच्या कंपन्या उभ्या राहत होत्या. मी एकेका गेटावर जायचे. प्रत्येक गेटाला एक पत्र्याची पाटी, 'जागा रिकामी नाही', आणि पाटीखाली एक रखवालदार, जो तेच तोंडाने सांगायचा. पाट्या इतक्या गंजलेल्या की जागा रिकामी होती असा दिवस त्यांनी कधी बघितलाच नसावा. तरी दर आठवड्याला कंपनीच्या गाडीतून एखादा नवा चेहरा उतरायचाच. हे लोक येतात कुठून? वडिलांच्या वहीत तर यांची जाहिरात नव्हती. वडिलांना पत्रातून विचारलं, तर त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, "वशिला."

उत्तर मला मिळालं ते आत्याच्या इस्त्रीच्या साड्यांमुळे. पुलाच्या अष्टमीकडच्या टोकाला एका पत्र्याच्या छपराखाली एक बाई कोळशाच्या इस्त्रीने कपड्यांना इस्त्री करायच्या. सगळे त्यांना काकी म्हणत, म्हणून मीही. अंगाने किरकोळ, पण पाच-सहा किलोची ती इस्त्री अशी फिरवायच्या की वाटावं, ती आपली आपणच चाललीये. त्यांच्याकडे मुख्य काम कंपनीच्या कपड्यांचं. निळे, खाकी, करडे युनिफॉर्म दोरीवर ओळीने टांगलेले असत.

त्या दिवशी त्यांनी एक पांढरा कोट पसरला आणि इस्त्री टेकवता टेकवता हात थांबवला. कोटाच्या खिशापाशी अंगठा फिरवला. मग सोड्याच्या पाण्यात चिंधी बुडवून तिथं दाबली, पुसली आणि मगच इस्त्री फिरवली.

"डाग तर काहीच नव्हता," मी म्हणाले.

"डाग नाय गो, आग हाय. आख्खा कोट कडकडीत वाळलाय आन् हितंच ओल लागते बग. वरनं इस्त्री फिरली का काळा भोक पडतो. सोडा लावला का नाय पडत."

मी जागच्या जागी उभी राहिले. गंधकाम्ल हवेतलं पाणी ओढून घेतं, तापवलं की दाट होतं आणि सूत जाळतं, हे मी पुस्तकात वाचून पहिला वर्ग मिळवला होता. या बाईला अक्षर येत नव्हतं, आणि तिला ते अंगठ्याला कळत होतं. मला खरं सांगायचं तर तेव्हा स्वतःची लाजच वाटली, आणि त्या अंगठ्याचं इतकं अप्रूप वाटलं की आत्याच्या साड्या तिथंच विसरून मी घरी गेले.

मग मी रोजच जाऊ लागले. काकींना कपड्यावरून माणूस दिसायचा. कोपराला पिवळं म्हणजे रंगखात्यातला, छातीला ठिणगीची भोकं म्हणजे वेल्डर, डाव्याच खांद्याला मळ म्हणजे गोणी उचलणारा. आणि एक दिवस त्यांनी मला त्याहून मोठी गोष्ट दाखवली. कंपनी प्रत्येकाला युनिफॉर्मचे दोन जोड द्यायची, एक अंगावर, एक धुण्यात. नोकरी सोडणाऱ्याला दोन्ही जोड धुऊन, इस्त्री करून स्टोअरमध्ये परत द्यावे लागत, त्याशिवाय सुटकेच्या कागदावर सही होत नसे. म्हणजे कोण चाललंय हे साहेबाच्या आधी काकींना कळायचं.

"दोन्ही जोड एकदम आले का समजायचा, मानूस चालला," त्या म्हणाल्या. मग ज्याच्या घरी गरज असेल, आणि ज्याला ते काम येत असेल, अशा एकाला त्या सांगत. एकालाच. तो जाऊन गेटावर उभा राही. रखवालदार, फिटर, बॉयलरवाला, कँटीनचा आचारी, किती जण त्या पत्र्याखालून धाटावला गेले होते! कुणाकडून त्यांनी साधा चहा घेतला नव्हता. वडिलांची ती वही, तो कोरा रकाना, आणि इथं हे सगळं एका दोरीवर वाळत होतं. मी आ वासून बघत राहिले.

"काकी, मला पांढरा कोट हवा," मी म्हणाले.

"येल तवा सांगन. घाई नाय करायची."

गणपती गेले, नवरात्र गेलं. पांढरे कोट यायचे ते एकेकटेच. दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा माझा धीर सुटत चालला होता. त्या दुपारी मी गेले तर काकी कोळसा आणायला रोह्याच्या बाजारात गेल्या होत्या. फळीवर इस्त्री केलेले दोन पांढरे कोट होते. दोन्ही एकाच मापाचे, आणि दोन्हींच्या खिशाला एकाच आडनावाची, एकाच कंपनीची चिठ्ठी टाचलेली.

मी थांबायला हवं होतं. मी धावत सुटले.

त्या कंपनीच्या गेटावर पोचले तेव्हा कसा कोण जाणे, पण तोंडावर इतका आत्मविश्वास होता की रखवालदाराने आत सोडलं. प्रयोगशाळेचे मुख्य साहेब चष्मा कपाळावर चढवून काही मोजत होते. मी म्हणाले, "तुमचे केमिस्ट चाललेत, त्या जागेसाठी आलेय."

"कोण चाललाय?"

मी चिठ्ठीवरचं आडनाव सांगितलं. साहेबांनी त्या माणसाला हाक मारली. सत्ताविशीचा एक सडपातळ तरुण, कोटाशिवायच, हात पुसत आला. "काय रे, तू चाललायस म्हणे? दुसरीकडे अर्ज केलायस?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी कुठं जातोय साहेब? चार दिवस दिवाळीला घरी जातोय."

दिवाळीला घरी जाणारा माणूस दोन्ही कोट इस्त्रीला टाकतो. एवढी साधी गोष्ट! साहेब त्याच्याकडे संशयाने बघत होते, तो माझ्याकडे बघत होता, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

काकींचं नाव ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं, तर तो माणूस सुटला असता आणि काकींची दोरी कायमची रिकामी झाली असती. मी म्हणाले, "कुणी नाही साहेब. यांचे दोन कोट एकत्र बघितले आणि माझ्या मनानेच गोष्ट रचली. नोकरीच्या हव्यासापायी झालं. यांचा काही दोष नाही." साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं.

परत आले तेव्हा काकी इस्त्रीत निखारे भरत होत्या. मी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. त्यांनी फळीवरचा कोट उचलला आणि कॉलर उलटून माझ्यापुढे धरली. आत लाल दोऱ्याने त्याचं आडनाव शिवलेलं होतं.

"बायका घरी नाव शिवतात, कोट बदलू नाय म्हनून. जानारा मानूस आदी नाव उसवतो, मंग कोट देतो. सुईची भोकं ऱ्हातात, बोटाला लागतात. तू वरच्यावर बगितलंस. कॉलर कुनी उलटायची?"

"चुकलं माझं."

"आन् नाव उसवलेला असला तरी मी सांगत नाय. कोट गेटातनं आत गेला, का मंग सांगते. तवर मानसाचा मन फिरू शकतो. एकजन माज्याकडनं कोट घेऊन पुलावरनं परत आला, आन् बायकोला सांगून नाव पुन्ना शिवून घेतलान. आज बी कामाला हाय." त्यांनी कोट घडी घालून फळीवर ठेवला. "दुसऱ्याच्या भाकरीवर हात टाकलास गो."

मी पेणला गेले, दिवाळी केली, आणि चकल्या खाताना एकदाही ओरडले नाही. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस उरले आणि आत्याचं पत्र आलं. इस्त्रीवाल्या काकी तुला बोलावतात, एवढंच. मी पहिल्या एस.टी.ने गेले. काकींनी मान वर न करता सांगितलं, "दोन पांढरे कोट आज सकाळी गेटातनं आत गेले."

"कुणाचे?"

"त्याचेच. तवा त्याचा तोंड पांढरा का पडला, आता कळला तुला? अर्ज केलावताच त्यानं. पन नव्या नोकरीचा कागद हातात नव्हता. तू तवा माझा नाव घेतलं नाय आन् दोष तुज्यावर घेतलास, ते त्यानं बी मला येऊन सांगितलान. म्हनाला, त्या पोरीला सांगा."

मी रडले. रस्त्यावर, भर सकाळी, लोक बघत असताना. काकींनी माझा अर्ज मागून घेतला, पिशवीत चुरगळला होता तो, आणि कोमट इस्त्री फिरवून सपाट करून दिला.

साहेबांनी मला ओळखलं. "आज कोण चाललंय?"

"ते मला माहीत नाही साहेब. जागा आहे का, एवढंच विचारायला आले."

ते हसले नाहीत, पण त्यांनी बसायला सांगितलं. तासभर प्रश्न विचारले, ब्युरेट हातात देऊन हात कापतो का ते बघितलं. शेवटी स्वतःच्या कोटाचं जळलेलं भोक दाखवून म्हणाले, "धुताना नाही, इस्त्रीतच का पडतं हे?" मी कारण सांगितलं, ओल कशी ओळखायची ते सांगितलं, सोड्याचं पाणी सांगितलं.

"हे कुठं शिकलात?"

"अष्टमीला."

"अष्टमीला कॉलेज आहे?" त्यांनी गंभीरपणे विचारलं, आणि सोमवारपासून या म्हणाले.

स्टोअरमधून मला जो कोट मिळाला, त्याच्या कॉलरला आत सुईची बारीक भोकं होती. त्याच भोकांतून मी लाल दोऱ्याने माझं नाव शिवलं. वडिलांनी ठाण्याला पत्र टाकलं, वही उघडली आणि पेन हातात धरून विचारलं, "जाहिरात कुठल्या पेपरात होती?" मी सगळी हकिकत सांगितली. मग पहिले दोन रकाने मोकळे सोडून त्यांनी तिसऱ्यात लिहिलं, 'मिळाली'. वही मिटताना म्हणाले, "त्या बाईंना एकदा नमस्कार करायला हवा." आणि खरंच जाऊन करून आले.

त्या प्रयोगशाळेत माझी उभी हयात गेली. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मी नोकरी सोडायचं ठरवलं तेव्हा घरी कुणाला बोलले नव्हते. दुपारी एकटीने बसून नाव उसवलं आणि दोन्ही कोट घेऊन पुलापाशी गेले. इस्त्री आता विजेची होती आणि सून फिरवत होती. काकी बाजूच्या खुर्चीवर बसून फक्त कपडे घेत. डोळ्यांना दिसत नव्हतं फारसं. माझी कॉलर त्यांनी अंगठ्याखालून सरकवली, थांबल्या, पुन्हा सरकवली.

"घरी सांगितलंस?"

"नाही अजून."

त्यांनी मान हलवली आणि कोट शेजारच्या बाकावर ठेवले. बाकावर एक मुलगी बसली होती, निडी गावची, मांडीवर प्लास्टिकची फाइल. काकींकडे ती महिनाभर येत होती, हे मला नंतर कळलं. तिने माझ्या दोन पांढऱ्या कोटांकडे बघितलं. मला वाटलं, आता ही उठून धावणार. तिने हळूच वरच्या कोटाची कॉलर उलटली, बोट फिरवलं, कॉलर होती तशी केली, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"कधी नेतेस कोट?" काकींनी विचारलं.

"उद्या सकाळी आठच्या आत गेटातून आत जातील," मी जरा मोठ्यानेच म्हणाले. मुलीने मान खाली घातली आणि फाइलचं बटण नीट लावलं.