रांगोळीवर गाडी चालवायला लावणारे मिस्त्री

हिंगोलीपासून नांदेडपर्यंतच्या रस्त्यावर त्या काळी जेवढ्या गाड्या सरळ धावत होत्या, तेवढ्या सगळ्या आमच्या कळमनुरीच्या मिस्त्रींच्या कृपेने धावत होत्या. ज्या वाकड्या धावत होत्या त्यांच्या मालकांनी मिस्त्रींचं ऐकलेलं नव्हतं, एवढंच. इंजिनाला ते हात लावत नसत. ब्रेक, क्लच, हेडलाइट ही त्यांच्या लेखी किरकोळ माणसांची कामं. ते फक्त स्टेअरिंगचे. आणि सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल, पण या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. सायकलवरून येत, तीही उतार आला की हातात धरून.

त्यामुळे गाडी आली की ते मालकालाच चालवायला बसवत, आपण डाव्या सीटवर डोळे मिटून बसत आणि गाडीआधी मालकाची तपासणी करत. हिंगोलीचे एक डॉक्टर तक्रार घेऊन आले, साठच्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं. मिस्त्री दोन मैल फिरून आले आणि म्हणाले, "डागदरसाब, चाकाला बॅलन्सिंग पाहिजे, आन् तुमाला झोप. आवळून काहून धरता? ते काय पळून चाललं?" डॉक्टर चिडले, पण बॅलन्सिंग करून घेतलं. झोपेचं काय केलं ते त्यांनाच ठाऊक.

गाडी एका बाजूला ओढत असली तर मिस्त्रींची खास रीत होती. गॅरेजपुढचं अंगण पाणी मारून दाबून घ्यायचं, त्यावर बायकोच्या डब्यातली रांगोळी पातळ भुरभुरायची आणि गाडी त्यावरून सावकाश न्यायला लावायची. मग लुंगी सावरून ते त्या चाकोऱ्यांपुढे उकिडवे बसत, कुंडली मांडल्यासारखे. नीट गाडी दोन रेघा काढते, मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जातात. बिघडलेली चार काढते. मिस्त्रीणबाई ओट्यावरून म्हणत, "साऱ्या गावात दिवाळी एकदा येते, आमच्या दारात आठवड्याला दोनदा."

या अंगणात माझीही कुंडली उघडी पडली. त्या वेळी मी चाळिशीतली शाळामास्तरीण, आणि अक्कल अंगठ्याएवढी. आमच्या ह्यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. ते स्वतः ती बैलगाडीच्या वेगाने चालवत. मी हट्टाने शिकले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती : "एकदा कुठं ठोकलीस, की किल्ली माझ्याकडे. मग पुन्हा विषय नाही." ही अट मी मनावर घ्यायला हवी होती. मी गॉगल घेतला. रोज हिंगोलीहून कळमनुरीच्या शाळेत जाताना खिडकीत कोपर ठेवून, एका हाताने, रस्ता आपल्या वडिलांनी बांधल्यासारखी चालवायची. एक दिवस फाट्यावर आमच्या मुख्याध्यापिका एसटीची वाट बघत उभ्या दिसल्या. त्यांनी मला नीट बघावं म्हणून मी मान वळवून हात हलवला. त्यांनी मला फारच नीट बघितलं, कारण तेवढ्यात मी कडेच्या मैलाच्या दगडावर चढले होते.

गाडी चालत होती, पण डावीकडे ओढत होती. ह्यांना सांगितलं, खड्ड्यात गेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेले. कचेरी सुटली की हेही तिथे येणार होते. मी रांगोळीवरून गाडी नेली. पुढचं डावं चाक रांगोळी फरपटत घेऊन गेलं होतं. मिस्त्री गाडीखाली शिरले, बराच वेळ खालीच राहिले आणि तिथूनच त्यांचा आवाज आला.

"बाई, खड्ड्याला हिरवा रंग कवापासून देऊन राहिले?"

चाकाच्या आतल्या कडेला मैलाच्या दगडाचा रंग लागला होता. मी सगळं कबूल केलं, गॉगल आणि ह्यांच्या अटीसकट. किल्ली जाईल म्हणून रडायला आलं होतं, आणि चाळिशीतल्या बाईने किल्लीसाठी रडावं याची लाजही वाटत होती. मिस्त्रींनी चाकं जोडणारा वाकलेला दांडा बदलला, गाडीच्या दोन्ही अंगांना सुतळी ताणून चाकं मापली आणि रॉकेलच्या फडक्याने हिरवा रंग पुसून टाकला. मग हे आले.

"काय होतं मिस्त्री?"

"दांडा गेलता, साहेब. नवा टाकला. पर आता एक ध्यानात ठेवा. हा बाईच्या हाताला बसवलाय. दुसरा हात लागला की पुन्हा तकलीफ देणार. एकाच हातावर राहू द्या."

आमचे हे यंत्राच्या बाबतीत फार भाविक. त्या दिवसापासून ते डाव्या सीटवर बसले ते कायमचे. नसलेला ब्रेक पायाने दाबत राहिले, पण स्टेअरिंगला बोट लावलं नाही. मी मात्र दोन्ही हातांनी चालवायला लागले.

पुढे नांदेडला संगणकावर चाकं जुळवणारी दुकानं निघाली आणि मिस्त्रींचं अंगण ओस पडलं. मिस्त्रीणबाई गेल्यावर वाशीमची लेक त्यांना न्यायला आली, तेव्हा मीच म्हटलं, मी सोडते. कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो. लेक पाणी आणायला गेली, तेवढ्यात इतकी वर्षं पोटात असलेलं विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोललात ना?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "खोटं काहून? दोन हातांत गाडी बिघडते, हे बराबरच हाय. हात कोणाचा, तेवढं मी ठरवलं. साहेबाला चालवायची हौस न्हवती, बाई. तुमाला होती."

वाशीमला लेकीचं घर अरुंद बोळात. सामान उतरवलं, आणि गाडी उलटी बाहेर काढायची होती. मला आता त्यात काही विशेष वाटत नसे, पण मिस्त्री काठी टेकत गाडीमागे जाऊन उभे राहिले. "येऊ द्या... येऊ द्या... जरा इकडं..." त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्यांच्या हाताकडे बघत इंच इंच मागे आले. बोळाच्या तोंडाशी ते भिंतीला टेकून बाजूला झाले, मी गाडी वळवली आणि निघाले. थोडं पुढे जाऊन आरशात पाहिलं. मी केव्हाच मोठ्या रस्त्याला लागले होते, आणि मिस्त्री अजून बोळाच्या तोंडाशी उभे राहून हात हलवत होते, येऊ द्या, येऊ द्या.