पोथीचं सुटं पान

ताम्हन भुवईवर बसलं आणि डावा डोळा रक्तानं भरला. हातात पोथीचं पान होतं. ते मी सोडलं नाही.

पंचवटीतला हॉल. पारायणाचे हार आम्हीच द्यायचो, आई आणि मी. हार आत जायचे. आम्ही दारात, चपलांपाशी. आत येऊ नका असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नाही. आम्ही कुठल्या वस्तीतल्या, ते सगळ्यांना ठाऊक. आत महाराज डोळे मिटून सांगायचे, "देव देवळात शोधू नका. प्रत्येकाच्या आत तोच बसलाय." मला ते फार आवडायचं. हार देऊन झाले तरी माझा पाय निघत नसे.

पोथी जुनी, सुट्या पानांची. त्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं एक पान उडालं आणि थेट माझ्या पायाशी आलं. मी उचललं, कपाळाला लावलं. वाचता येतं, म्हणून वाचलं. मोठ्यानं. आतल्या देवाबद्दलच होतं.

महाराजांनी डोळे उघडले. "हिनं पोथी बाटवली!" आणि समोरचं ताम्हन फेकून मारलं.

कुणी उठलं नाही. दोघा-तिघांनी मोबाइल काढले.

"नाक घासा," महाराज म्हणाले. "दोघींनी."

आई वाकलीच. "चुकलं महाराज, पोरगी येडी हाय." तिचं कपाळ फरशीला टेकणार, तेवढ्यात मी तिला दंडाला धरून वर ओढलं. इतकं जोरात की तिच्या बांगड्या फुटल्या. महाराजांच्या पुतण्यानं माझे केस धरले. मी त्याच्या मनगटाला चावले. रक्त येईपर्यंत चावले. तो गुरासारखा ओरडला.

आतला देव शांत असतो, असं महाराज सांगायचे. साफ खोटं. माझा जागा झाला तो दात विचकत.

"पान बाटलं ना?" मी म्हणाले. "मग पोथीवरचा हारही काढा. त्याचा दोरा मी दातानं तोडते. रोज माझी थुंकी तुमच्या पोथीवर असते."

भुवईला टाके पडले. हारांचं काम गेलं. आई अजून घाबरते, रात्री कडी दोनदा तपासते. मला राग येतो, तिचा नाही, तिला असं वाकायला शिकवणाऱ्यांचा.

परवा महाराजांचा निरोप आला. पान परत दे, पोथी खंडित झाली, गंगेच्या पाण्यानं शुद्ध करून घेऊ.

देणार नाही. माझं रक्त आहे त्यावर, ते धुवायचं नाही.

श्रावणात पारायण बसेल. वाचत वाचत त्या पानाशी येतील आणि अडतील. तेव्हा मी आत जाणार. चौरंगासमोर बसून ते पान मी वाचणार, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. आई शेजारी असेल, ताठ बसलेली.

कुणी हात उचललाच, तर माझे दात शाबूत आहेत.